सुलक्षणा अक्काची बोगनवेल

आमच्या जळगावातल्या पिंप्राळ्यात ज्याच्या घरापुढे चार पावलं जागा आहे, तो माणूस आपल्याला बाग आहे असं सांगतो. बाग म्हणजे काय, तर फाटकाच्या एका अंगाला तुळस, दुसऱ्या अंगाला कढीपत्ता आणि पायरीवर कुणीतरी वास्तुशांतीला दिलेला मनीप्लँट. तोही वैशाखात सुतळी होऊन जातो. माझी स्वतःची बाग अशीच आहे आणि मला तिचं काही वाईट वाटत नाही. मी ब्लाउज शिवते. माझं मशीन रस्त्याकडच्या खिडकीत आहे, त्यामुळे गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या सुनेनं कोणता रंग घातला, हे मला कुणाला विचारावं लागत नाही. लोक याला भोचकपणा म्हणतात. म्हणोत बापडे.

त्या खिडकीच्या बरोबर समोर सुलक्षणा अक्काचं घर. अक्का फैजपूरकडची, पिढ्यान्‌पिढ्या केळी लावणाऱ्यांच्या घरातली. नवरा निंबाभाऊ शिंदखेड्याचे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, बोलायला कमी आणि ऐकायला त्याहून कमी. एकुलती मुलगी रूपा धुळ्याला दिलेली. अक्का उंच, खणखणीत आवाजाची. भाजीवाल्याशी तिचं भांडण सुरू झालं की गल्लीतल्या बाकीच्या बायका पिशव्या घेऊन बाहेर येत, कारण भाव उतरणार हे ठरलेलं असे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. अक्का माझ्याकडे मापाला आली आणि दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. सावरली ती इस्त्रीच्या टेबलावर जाऊन आदळली. मी म्हटलं, "अक्का, रस्ता सोडून चालायला कधी शिकलीस?" तीही हसली. पण मग एकदा भर रस्त्यात रिक्षा तिच्या अंगावर आली. रिक्षा हॉर्न वाजवत डावीकडून येत होती, मला खिडकीतून दिसत होती, आणि अक्का तिच्यासमोर अशी शांतपणे चालत गेली की माझ्या हातातली कात्रीच पडली. रिक्षावाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचली.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. बाजूची नजर आधीच गेलेली होती आणि गेलेली नजर परत येत नाही. मधला एक गोल तेवढा उरला होता. सकाळ-संध्याकाळ थेंब घालून तो टिकवायचा, टिकेल तितका टिकवायचा. त्या गोलात अक्काला सगळं लख्ख दिसायचं, अगदी सुईत दोरा ओवण्याइतकं. गोलाबाहेर मात्र काही नाही.

"बाजूला अंधार दिसतो का गं?" मी विचारलं.

"काया अंधार बी नही दिसत. काहीच नही. नयीतून पाह्यल्यासारखं. आता तुझं नाक दिसू ऱ्हायलं, पन कान नही."

ती नळी बारीक होत जाणार होती. कधी बंद होईल ते डॉक्टर तोंडानं सांगत नव्हते. यंदा नाही तर पुढच्या वर्षी, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. माझं सगळं पोट डोळ्यांवर आहे. त्या दिवशी घरी येऊन मी दिवसाउजेडी दिवा लावला आणि कितीतरी वेळ रिळांकडे बघत बसले.

मला वाटलं होतं अक्का खचेल. तिनं बाग लावायला काढली!

हे कळल्यावर आख्ख्या गल्लीला शहाणपण सुचलं. प्रत्येकीचं एकच म्हणणं, वासाची झाडं लाव. मोगरा लाव, रातराणी लाव, जाई लाव. पुढे नजर गेली तरी सोबत राहील. मीही तेच म्हटलं आणि वर चांगलं समजावणीच्या सुरात म्हटलं. अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि मग माझ्यावर डाफरली.

"वासाले डोये लागतात का व? वास मंग घेईन, जनमभर घेईन, त्याची काय घाई आहे. मले आता रंग पाह्यचाय. माह्या दारात, झाड भरून, एकदा तरी."

आणि तिनं जे सांगितलं ते मला आजवर ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, माझा जन्म हिरव्यात गेला. सकाळी उठलं की केळीचं हिरवं, संध्याकाळी पाहिलं तरी केळीचं हिरवं. बांध नाही, परस नाही, सगळी जागा केळीनं खाल्लेली. लहानपणी तिनं विहिरीजवळ एक लाल गुलाब लावला होता. कळी धरली तेव्हाच बापानं तो उपटून तिथं केळीचं रोप लावलं, कारण तिथं ओल चांगली होती. बाप वाईट नव्हता. त्याला ती जागा रिकामीच दिसली होती.

"चाल माह्यासंगं," ती म्हणाली. "तू रंगाची मानूस आहे."

चांदभाईची नर्सरी शहराबाहेर आहे. हिरव्या जाळीखाली काळ्या पिशव्यांत रोपांची गर्दी, आणि मध्ये चांदभाई खुर्चीवर. त्याला गिऱ्हाइकाचं मन ओळखता येतं असा त्याचा समज आहे. अक्काच्या डोळ्यांचं त्याला सांगितल्याबरोबर त्यानं मोगऱ्याची कुंडी उचलली. "अक्का, हे न्या. खुशबू बघा किती."

"ठेव तो. पांढरं मी म्हातारपनी पाहीन."

"अभी क्या जवान हो, अक्का?" चांदभाई म्हणाला आणि आम्ही तिघंही हसलो.

अक्काची निवडायची तऱ्हा बघण्यासारखी होती. रोप हातभर लांब धरायची, मान हळूहळू फिरवत त्याला आपल्या गोलात आणायची, आणि एकदा का ते सापडलं की बराच वेळ सोडायची नाही. पाम दाखवला, तर "हे हिरवं." क्रोटन दाखवला, तर "हे बी हिरवंच, नुसतं सोंग घेतलंय." लाल जास्वंद घेतली. पिवळ्या घंटांचा टेकोमा घेतला. झिनियाची रोपं ट्रे भरून घेतली. मग ती बहाव्याच्या रोपाशी थांबली. बहावा तिनं कुठल्याशा शाळेच्या आवारात फुललेला पाहिला होता, वरून खालपर्यंत पिवळा.

"याले फूल कधी येईन?"

"चार-पाच साल तर लागतील, अक्का. झाड आहे ते."

अक्कानं ते रोप दोन्ही हातांनी उचललं आणि जिथून घेतलं होतं तिथं नीट ठेवलं. गुलमोहरापाशी तर ती गेलीच नाही. चांदभाईलाही काय झालं ते उमगलं. थोड्या वेळानं तो आतून एक पिशवी घेऊन आला. काटेरी, वेडंवाकडं, हातभर रोप, आणि त्याच्या टोकाला कागदासारख्या फुलांचा एकच झुबका. बोगनवेल.

मी रंग पाहिला आणि चांदभाईला मानलं. तो राणी रंग होता. गुलाबी नव्हे, जांभळाही नव्हे, खरा राणी. माझ्याकडे या रंगाचं कापड आलं की मला घाम फुटतो, कारण त्याला अस्तर कधीच जुळत नाही. ज्या दुकानात जावं तिथं थोडं फिकं किंवा थोडं गडदच मिळतं.

"ही एका वर्षात गेट भरून टाकील," चांदभाई म्हणाला.

अक्का त्या झुबक्याकडे इतका वेळ बघत राहिली की चांदभाईनं माझ्याकडे खुणेनं विचारलं, घेणार ना? तिनं ती वेल रिक्षात मांडीवर धरून आणली. काटे साडीत घुसले तरी तिनं हात काढला नाही.

पुढचं सगळं तिनं असं केलं की केळीवाल्यांची पोर शोभली. केळीवाल्यांच्या घरात पाणी म्हणजे माया. केळीला तहान कळली की घड गेलाच, हे त्यांना लहानपणापासून माहीत असतं. अक्कानं बोगनवेलीला कमरेएवढा खड्डा घेतला. त्यात शेणखत, राख, पेंड. त्यावर ठिबकची नळी. पश्चिमेकडून झळा येतात म्हणून त्या बाजूला शेवरीची दाट रांग पेरली, जशी त्यांच्याकडे केळीच्या बागेभोवती पेरतात. निंबाभाऊंना थोडा युरिया आणायला सांगितला, तोही ठिबकातून सोडला.

जास्वंदीला हे लाड मानवले. झिनियालाही मानवले, लाल, नारिंगी, पिवळी फुलं आली. अक्का पाटावर बसून एकेक फूल गोलात घ्यायची आणि बघायची. पण झिनिया गुडघ्याइतकी. तिला दार भरून हवं होतं, आणि बोगनवेल काही मनावर घेईना. वाढली मात्र अशी की विचारू नका. फाटकाच्या कमानीवर चढली, गच्चीच्या कठड्याला जाऊन भिडली, पानं विड्याच्या पानाएवढी झाली. नर्सरीतून आणलेला झुबका गळून गेला तो गेलाच. उन्हाळा सरला, पावसाळा सरला, वेलीवर एक फूल नाही. जिनं हौसेनं रंग लावायला काढला, तिच्या दारात पुन्हा हिरवंच उभं राहिलं.

अक्कानं शेणखत वाढवलं.

"आवं, हाई केय नही शे," निंबाभाऊ त्यांच्या अहिराणीत म्हणायचे, ही केळ नव्हे. "बठ्ठं पानी पीसन ती माजी गई. तिले उपाशी ठेव."

"तुमच्या शिंदखेड्यात मानसाले प्याले पानी नही, तिथचं ग्यान मले नका सांगू!"

मग निंबाभाऊ पेपर उघडायचे.

इकडे गोल लहान होत होता. आधी तिला ताट दिसायचं. मग ताटातली भाकरी दिसली की वाटी दिसेना. वाटी शोधायला मान फिरवावी लागे. माझ्याशी बोलताना ती आता माझ्या एका डोळ्याकडे बघून बोलायची. दिवाळीत रूपा आली होती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आईला वाटी चाचपडताना बघत राहिली, आणि मग उगाचच फराळाचे डबे घासायला बसली.

दिवाळीनंतर मी अक्काला तपासणीला घेऊन गेले. येताना हायवेवर गाड्या तुंबल्या आणि आमची रिक्षा दुभाजकाला खेटून उभी राहिली. अक्कानं मान वळवली आणि तिच्या गोलात राणी रंग आला. दुभाजकातली बोगनवेल. धुरानं काळवंडलेली, कुणी धड छाटलेली नाही, बुडाशी गुटख्याच्या पुड्या, आणि काड्याकाड्यांवर फुलं लगडलेली. अक्का रिक्षातून उतरलीच! मागून ट्रक बोंबलतोय, रिक्षावाला ओरडतोय, मी तिचा पदर धरलाय, आणि ही बाई वाकून नखानं माती उकरतेय. माती कसली, नुसता मुरूम. नख आत जाईना.

"याले पानी कोन घालतं?" तिनं रिक्षावाल्याला विचारलं.

"कोन घालतंय, अक्का! पावसानं घातलं तेवढं."

रिक्षा थांबताच ती माझ्याआधी उतरली. फाटक उघडलं, निंबाभाऊ ओट्यावर होते, त्यांच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "तुमचंच बरोबर होतं."

निंबाभाऊंनी मला नंतर सांगितलं की लग्न झाल्यापासून हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी पेपर तिथंच टाकला आणि तिचं मन बदलायच्या आत जाऊन बोगनवेलीची ठिबकची नळी बंद करून टाकली.

झाडाला उपाशी ठेवणं अक्काला किती जड गेलं, ते मी खिडकीतून पाहिलं. सकाळी बागेला पाणी घालताना ती वेलीपाशी येऊन थांबायची, हातातला मग तसाच धरून. मग जास्वंदीकडे वळायची. संक्रांत झाली. पानं मलूल पडली आणि शेंड्यांना लालसर टोकं फुटली. बारीक, डाळीच्या दाण्याएवढी. अक्कानं मला ओढत नेऊन ती एकेक दाखवली. त्या आनंदात तिच्यातली केळीवाली जागी झाली. दुपारी निंबाभाऊ झोपले असताना तिनं दोन बादल्या पाणी वेलीच्या बुडात ओतलं. बाळंतिणीला डिंकाचा लाडू द्यावा तसं.

आठवडाभरात टोकं गळाली. त्यांच्या जागी लुसलुशीत हिरवे धुमारे आले.

ती माझ्याकडे आली आणि मशीनशेजारच्या स्टुलावर बसून रडली. भाजीवाल्याला घाम फोडणारी बाई अशी रडताना मी कधी पाहिली नव्हती. "माह्याच हातानं घालवलं व मी. डॉक्टर म्हने, गोल अजून लहान झाला. हा एकच उन्हाळा आहे माह्याजवय, किरण. माह्यावर माहाच भरवसा नही. तू खिडकीत बसते ना? नजर ठेव माह्यावर. मी पानी घालताना दिसले की धावत ये."

माझ्या खिडकीला गल्लीत इतका मान कधी मिळाला नव्हता. मी हो म्हटलं. पुढे काय वाढून ठेवलंय ते मला कुठं ठाऊक होतं!

होळी झाली आणि ऊन तापायला लागलं. जळगावचं ऊन ज्यानं अंगावर घेतलंय त्याला मी काय सांगणार? चैत्रात तर सकाळीच रस्ता ओस पडायचा. बोगनवेलीची पानं आधी वळली, मग पिवळी पडली, मग एका वाऱ्यात झडली. फाटकावर नुसत्या काटेरी काड्या राहिल्या. येणारे-जाणारे थांबून सांगायचे, "अक्का, वेल गेली, काढून टाका आता." अक्का हसायचा प्रयत्न करायची. संध्याकाळी खोडावर हात ठेवून उभी राहायची.

आणि एका दुपारी ती बादली घेऊन बाहेर आलीच.

मी चप्पल न घालता धावले. डांबरानं पाय भाजले. मी बादलीची कडी धरली, तिनंही सोडली नाही.

"सोड."

"नाही सोडणार."

"तुले काय कयतं व झाडातलं? माह्या बापाची केयी अशी झाली असती तं त्यानं घास नसता खाल्ला!"

"ही केळी नाही, अक्का."

"मरू ऱ्हायलं ते! दिसत नही का तुले? मले दिसतं, तं तुले दिसत नही?"

"मेलं तर माझ्या नावानं खडे फोड. पण बादली देणार नाही."

मग तिचा आवाज खाली आला. "मेलं तं मी पाहू काय, किरण?"

मी कडी घट्ट धरून उभी राहिले, बस्स. तिची बोटं एकेक करून सुटली. मी ते पाणी जास्वंदीला ओतलं आणि घरी येऊन मशीनवर बसले. एकही शिलाई सरळ पडेना. मला अक्काचा राग आला, चांदभाईचा आला, त्या वेलीचा तर इतका आला की वाटलं जाऊन एक लाथ घालावी. आणि सारखं मनात येत होतं, खरंच मेली असेल तर?

पुढे काही दिवसांनी सकाळी मी खिडकी उघडली. एका काडीच्या टोकाला राणी रंग होता.

मी कुणाला बोलले नाही. दृष्ट लागते यावर माझा विश्वास नाही, पण त्या दिवशी होता. दुसऱ्या सकाळी तीन काड्या. मग मोजणं सोडून दिलं. जसं ऊन चढत गेलं तशी ती वेल पेटत गेली. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी फाटक दिसेनासं झालं होतं. कमान, भिंत, गच्चीचा कठडा, सगळीकडे राणी रंग. पान औषधालाही नाही. दुपारच्या उन्हात रस्त्यावर तिची सावली पडायची तीसुद्धा मला रंगीत वाटायची. मोटारसायकलवाले थांबून फोटो काढत. वेल काढून टाका म्हणणारे तर सगळ्यात आधी आले.

मी रंगांत जन्म काढलाय. रंग कुठून येतो ते मला माहीत आहे, तो कारखान्यातून येतो, ताग्यावर येतो. पण हा कुठून आला? वरून आग, खाली कोरडी माती, मध्ये वाळक्या काड्या. महिनोन्‌महिने कुणी थेंब पाजलेला नाही. एवढं सगळं त्या खोडात कुठं होतं? मी खिडकीत उभी राहून हात जोडले. देवाला जोडले की वेलीला, कुणी विचारू नये.

आखाजीला लेकी माहेरी येतात, तशी रूपा आली. दारात पाय ठेवायच्या आधीच रडायला लागली. "आई, बघ ना! बघ ना गं!"

अक्का कमानीखाली उभी होती. मान वर करून, हळूहळू फिरवत. डावीकडून उजवीकडे, मग खाली, मग पुन्हा डावीकडे. बराच वेळ.

"दिसतं ना?" मी विचारलं.

"दिसतं. चार फुलं दिसतात. मंग दुसरे चार. मंग अजून चार." ती थांबली. "सगयं मियून नही दिसत व. नयी लई बारीक झाली."

इतकं करून, इतकी उपासमार करून, वेलीनं आपलं काम केलं होतं, आणि गोलानं दगा दिला होता. रूपानं घाईघाईनं मोबाइल काढला, रस्त्यावर जाऊन फोटो घेतला आणि आईच्या डोळ्यांसमोर धरला. "हे बघ, यात पूर्ण आलीय."

अक्कानं पाहिला. "चांगला आहे," म्हणाली आणि फोन बाजूला केला. "पन हा फोनात आहे, बाई. मले माह्या दारात पाह्यचाय."

मग तिनं पुन्हा मान वर करून कमान पाहिली. आणि एकदम माझं कोपर धरलं. "चाल."

"कुठं?"

"चाल तं खरी."

आम्ही रस्ता ओलांडला. माझ्या घराशेजारी रिकामा प्लॉट आहे, त्याच्यामागे आणखी रिकामे प्लॉट, पार पाण्याच्या टाकीपर्यंत. अक्का माझ्या ओट्यापाशी थांबली, वळली, मान उचलली, वेल शोधली. "नुसती कमान दिसते," म्हणाली आणि पुन्हा चालू लागली. वाळलेलं गाजरगवत, दगड, कुणाची तरी शेळी बांधलेली. ऊन डोक्यावर. मी म्हटलं, अक्का, चक्कर येईल, डोक्यावर पदर तरी घे. ती ऐकतच नव्हती. पुढच्या प्लॉटवर पुन्हा वळली. "कमान अन् थोडी भिंत."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वस्तू लांब गेली की लहान दिसते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण ते असं वापरायचं या बाईला सुचलं! नळी मोठी होत नाही ना, मग आपणच इतकं मागं जायचं की वेल नळीत बसेल. मी तिचं कोपर धरण्याऐवजी आता तिच्यापुढे धावत दगड बाजूला करत होते.

टाकीच्या भिंतीला पाठ लागली तेव्हा ती थांबली. याच्यामागे जायला जागाच नव्हती. तिनं वळून मान वर केली, थोडी डावीकडे नेली, थोडी परत आणली.

"मावलं," ती म्हणाली. "किरण, मावलं व! सगयं मावलं!"

मीही बघितलं. उन्हानं पांढऱ्या पडलेल्या माळाच्या टोकाला एक छोटं घर, आणि त्याच्या दारात राणी रंगाचा एक उभा धबधबा. वरपासून खालपर्यंत, कुठंही न तुटलेला. अक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. पुसलं असतं तर तेवढा वेळ बघायचं राहिलं असतं.

"फाटकात कोन उभं आहे?" तिनं विचारलं.

निंबाभाऊ होते. आम्ही कुठं गेलो ते बघायला बाहेर आले असावेत. कपाळावर हात धरून, वेलीखाली उभे राहून आमच्याकडे बघत होते.

"निंबाभाऊ."

"हो ना. हेच आहेत." अक्का टाचा उंचावून बघत होती. गेलं वर्षभर तिला नवऱ्याचं जे दिसलं होतं ते असंच तुकड्यातुकड्यानं. थेंब घालताना दोन बोटं, जेवताना मिशी, पेपरमागची चष्म्याची काडी. "आख्खे दिसले व किरण. डोक्यापासून पायापर्यंत."

ती इतका वेळ वेल बघत होती, आता वेल बघत नव्हती.

"सदरा कसा लोंबू ऱ्हायला त्याहिच्या अंगावर," ती हळू आवाजात म्हणाली. "इतके बारीक कधी झाले हे? अं? मले कोनी सांगितलं बी नही."

मी म्हटलं, थांब जरा अक्का, सावलीत बस, पाणी पी, एवढं लांब आलो आहोत, डोळे भरून बघून घे.

"पाह्यलं," ती म्हणाली. "चाल. त्याहिले जेवाले वाढू दे मले."

आणि ती निघाली. जसजशी जवळ जाईल तसतसे ते पुन्हा तिच्या गोलातून सांडत जाणार, आधी पाय, मग हात, मग फक्त चेहरा, आणि हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी ती त्यांच्यावरची नजर न काढता, दगडधोंड्यांतून, सरळ भराभर चालत होती.